पाऊण आटा

मिरजेच्या तलावाची पंपखोली
सात पायऱ्या खाली.
पहिल्या दिवशी दस्तगीरचाचांनी मला पाना दिला नाही,
लांब दांड्याचा पेचकस दिला.
टोक बेअरिंगवर, मूठ कानामागच्या हाडावर.
"काय ऐकू येतं, त्रिशला?"
मी म्हटलं, आवाज.
"बरोबर. उद्या परत ऐक."

वर सहाची बॅच. शिट्ट्या, उड्या,
आणि तळाला ती हिरवट साय,
साफ करणारं यंत्र जवळ गेलं की बाजूला सरायची,
गेलं की परत येऊन बसायची.
त्या यंत्राला आम्ही कासव म्हणायचो.
चार फूट चालायचं, मग कोपऱ्यात
भिंतीला नाक लावून उभं,
शाळेत शिक्षा झाल्यासारखं.

उपाध्येसाहेब आले, मीटरच्या काचेवर टिचकी मारली.
"पाच एचपी काढा, साडेसातचा टाका.
प्रस्ताव आजच पाठवतो."
चाचा बशीत चहा ओतत होते.
"साहेब, गाळणीत भसकन ओतला
की चोथा कपात येतो."
साहेबांनी चहा नको म्हटलं.

रात्री नऊला तलाव रिकामा झाल्यावर
चाचांनी केसांची जाळी उघडली.
केस तर होतेच. वर दोन टिकल्या,
मोगऱ्याची कळी, गॉगलची काडी,
आणि पिवळा चिखल,
कुणी नवरदेव हळद न धुता पोहून गेला असणार;
सांगली जिल्हा आहे हा, हळदीची तक्रार कुणाकडे करायची?
मग झाकणाचं रबर पुसलं, व्हॅसलीन लावलं.
"इथून हवा पितोय तो. पाणी कमी, हवा जास्त.
म्हणून आत खडे भरडल्यासारखं वाजतंय."
मग वाळूच्या टाकीत पाणी उलटं सोडलं.
आधी काळं आलं, मग चहासारखं,
मग लिंबूसरबत, मग काहीच नाही.

आणि शेवटी चाव्या.
तळाच्या नाल्याची थोडी आवळली, कासवाची पूर्ण सोडली,
पंपापुढची मोठी चावी
पाऊण आटा
बंद.

बंद? मी आयटीआयची दोन वर्षं पणाला लावून म्हटलं,
चाचा, उलटं करताय.
ते बोलले नाहीत. अँपिअरचा काटा
सातावरून हळूच सहाच्या खाली उतरला.
"वाळूला पण वेळ लागतो, पोरी,
प्रत्येक कण पकडायला."
मी पेचकस कानाला लावला.
खडे गेले होते. आता नुसती
एकसारखी, जाड, गुळगुळीत
काय म्हणू? मिरज म्हटलं की लोक लगेच तारा जुळवायला घेतात.
चाचांच्या भावाच्या दुकानात तंबोऱ्याचे भोपळे टांगलेत छताला,
म्हणून मीही विचारलं, हे कान घराण्यातलेच ना?
"भोपळ्याची धूळ मला सोसत नाही.
लहानपणापासून शिंका येतात,
म्हणून तर इकडे आलो."

सकाळी कासव सगळ्या तलावभर फिरत होतं,
रमतगमत, जावई गाव बघायला निघाल्यासारखं.
त्याच्यामागे निळ्या फरशीचा पट्टा
उघडत जात होता.

पुढच्या महिन्याचं वीजबिल कमी आलं,
त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.
प्रस्ताव मात्र मंजूर झाला.
साडेसातचा पंप लाकडी खोक्यात आला,
जिन्याखाली आहे. त्यावर आम्ही डबे खातो.

चाचा निवृत्त झाले. मी त्या चावीवर
नेलपॉलिशची रेघ मारून ठेवलीय.
उन्हाळ्यात वेगळी, वाळू जुनी झाली की वेगळी,
तीन रंगांच्या तीन रेघा झाल्यात आता.
गेजपेक्षा मी नाण्यावर जाते.
खोल टोकाला, साडेतीन मीटर खाली,
कुणाचं तरी पाच रुपयाचं नाणं पडलंय.
काठावरून त्यावरचा पाच वाचता आला
तर पाणी ठीक.
पोरांना सांगून ठेवलंय, त्याला हात लावायचा नाही.
कासव दर फेरीला त्याला
चार बोटं सरकवतं.
रोज सकाळी
नव्या जागी शोधावं लागतं.